पोलीस भरती आणि अल्पसंख्याक उमेदवार : अर्जाच्या आधीच होणारी गळती

गिरणाकाठ (धागालेखक)

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की शासनातर्फे अल्पसंख्याकांसाठी चालणाऱ्या भरतीपूर्व प्रशिक्षणाचा विषय निघतो, आणि तो निघाला की दोन ठरलेल्या बाजू आमनेसामने येतात. एका बाजूचे म्हणणे असे की दलात मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फारच कमी असल्यामुळे शासनाने हात दिलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला वाटते की खाकीला धर्म नसतो, आणि म्हणून धर्म पाहून कोणाला मैदानावर आणणे मुळातच चूक आहे. दोन्ही बाजूंचे डोळे निवड यादीवर लागलेले असतात. माझ्या मते खरी गळती त्या यादीच्या कितीतरी आधी होते, आणि ती थांबवण्यासाठी यादीतील एका गुणालाही हात लावावा लागत नाही. या धाग्यात तेवढ्याच मुद्द्यावर चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात मांडतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, त्यात पोलीस शिपायांमध्ये मुसलमानांचे प्रमाण सुमारे ६ टक्के आणि भारतीय पोलीस सेवेत ४ टक्के असल्याचे नोंदवले आहे. त्यावेळी देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १३.४ टक्के होता. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लिम ११.५४ टक्के आणि बौद्ध ५.८१ टक्के आहेत. ही तूट सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. इंदिरा गांधींच्या काळातील १९८३ च्या पंधरा कलमी कार्यक्रमात आणि २००६ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीतही, पोलीस भरतीत अल्पसंख्याकांचा विशेष विचार करावा आणि निवड समित्यांमध्ये त्यांना प्रतिनिधित्व असावे, असे कलम आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ कलम आहे तिथेच आहे.

तूट का बोचते, याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १९७० च्या मे महिन्यात भिवंडी, जळगाव आणि महाड येथे झालेल्या दंगलींवरील न्यायमूर्ती मादन आयोगाने आणि १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वागण्यातील पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले. ‘कॉमन कॉज’ ही स्वयंसेवी संस्था आणि ‘सीएसडीएस’ ही संशोधन संस्था यांच्या २०१९ च्या पाहणीत निम्म्या पोलिसांनी मुसलमानांचा कल स्वभावतःच गुन्ह्यांकडे असतो, या समजुतीला कमीअधिक होकार दिला होता. ज्या वस्तीला चौकीत आपला एकही माणूस दिसत नाही, ती वस्ती तक्रार घेऊन चौकीत जायला बिचकते, आणि तक्रारी न आल्या की पोलिसांना त्या वस्तीची खबर फक्त खबऱ्यांकडून मिळते. म्हणजे हा प्रश्न नोकऱ्यांच्या वाटपाचा आहे तितकाच पोलिसी कामाच्या दर्जाचाही आहे.

आता मुख्य मुद्दा. २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७.७६ लाख अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभरच्या आसपास उमेदवार. पात्रता बारावी उत्तीर्ण. पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी, त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात किमान ५० टक्के गुण मिळाले आणि एका जागेला दहा या प्रमाणात नाव लागले, तरच १०० गुणांची लेखी परीक्षा. अशा स्पर्धेत टिकणारा मुलगा एकट्याच्या जिवावर तयार होत नाही. पहाटे सोबत धावणारे दोस्त, आदल्या वर्षी लागलेला थोरला भाऊ, अर्ज भरून देणारा ओळखीचा, आणि घरात ‘तू आधी भरतीचे बघ, पैशाचे नंतर पाहू’ असे म्हणणारे कोणीतरी, एवढे सगळे लागते. बीड, परभणी, सांगली, सोलापूरच्या गावोगावी हे जाळे तयार आहे. मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्लीत ते नाही. तिथला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा रात्रपाळीला मागावर उभा असतो, आणि मैदानावर शिट्टी वाजते त्या वेळी तो केसांतली कापसाची तूस झटकत घराकडे निघालेला असतो. त्याच्या ओळखीत एकही पोलीस नसतो, त्यामुळे १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत धावले की पूर्ण वीस गुण मिळतात, हे त्याला सांगणारेही कोणी नसते.

त्याला प्रशिक्षण द्या, दोन महिन्यांचे विद्यावेतन द्या, आणि मग सर्वांबरोबर त्याच रेषेवर उभे करा, एवढाच माझा आग्रह आहे. गुणांत सवलत मी मागत नाही.

सरळसोट

धागालेखकांनी विषय संयमाने मांडला आहे, म्हणून तितक्याच संयमाने विरोध नोंदवतो.

मागाच्या रात्रपाळीवरचा मुलगा मैदानावर येऊ शकत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र माझ्या तालुक्यातला ऊसतोड कामगाराचा मुलगाही दिवाळीनंतर आईबापांसोबत कोयता घेऊन कारखान्यावर जातो आणि भरतीच्या ऐन तयारीचे महिने उसाच्या फडात घालवतो. दोघांची अडचण एकच, ती म्हणजे गरिबी. मग एकाला शासन बूट, नाश्ता आणि विद्यावेतन देणार आणि दुसऱ्याला तुझा धर्म वेगळा आहे असे सांगणार, हे त्या दुसऱ्याला कसे पटवायचे? उत्पन्नाचा दाखला हाच निकष ठेवा, म्हणजे मागावरचा मुलगाही त्यात आपोआप येईल.

दुसरे असे की विश्वास पोलिसाच्या धर्मातून निर्माण होतो, या गृहीतकालाच माझी हरकत आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस उपायुक्तांनी मोहल्ला समित्या (पोलीस आणि दोन्ही समाजांतील रहिवासी एकत्र बसतील अशा) उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्यासाठी दलाची धार्मिक रचना बदलावी लागली नव्हती, कामाची पद्धत बदलावी लागली होती. पद्धत नीट असेल तर शिपायाचे नाव काय आहे, याने फरक पडत नाही. आणि पद्धत बिघडलेली असेल, तर त्या बिघाडात आणखी एका समाजाची माणसे आणून काय साधणार?

कामवारीकाठची

सरळसोट यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर जाणकार बोलतीलच. मी भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे धागालेखकांच्या यादीत राहून गेलेली एक पायरी सांगते. आमची मुले मैदानात कमी पडत नाहीत, लेखीत पडतात.

लेखी परीक्षा मराठीतून होते आणि तिच्यात अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान यांच्या जोडीला मराठी व्याकरण हा स्वतंत्र विषय असतो. बारावीपर्यंत गणित उर्दूतून शिकलेल्या मुलाला आधी मराठीतला प्रश्न उलगडावा लागतो आणि मग हिशेब करावा लागतो, तोही नव्वद मिनिटांच्या परीक्षेत. व्याकरणाचे गुण तर त्याने आधीच सोडून दिलेले असतात. गंमत अशी की त्यातले बरेच त्याला नकळत येत असते. ‘शिपायाने चोरास पकडले’ या वाक्याचा प्रयोग कोणता, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मग मी फळ्यावर त्याखाली ‘सिपाही ने चोर को पकड़ा’ असे लिहिते, आणि चोराच्या जागी ‘चोरों को’ किंवा ‘औरत को’ घालून क्रियापद बदलते का ते पाहायला सांगते. ते बदलत नाही, हे मुले क्षणात सांगतात. मग भावे प्रयोग वेगळा समजवावा लागत नाही. या पद्धतीने शिकवणारे पुस्तक मात्र बाजारात नाही. अकादमीतले शिक्षक घरी मराठी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेली टिपणेच वाचून दाखवतात.

म्हणून माझे मत असे की दोन महिन्यांच्या सरकारी प्रशिक्षणात मैदानावर जितका वेळ जातो तितकाच मराठीवर गेला पाहिजे. आमच्याकडच्या एका प्रशिक्षण वर्गात (वर्गाचे नाव घेत नाही) मराठीला आठवड्यातून एकच तास होता, आणि त्या तासाला शिकवायला कोणी येईलच याची खात्री नसे. मुलांना सकाळचा अंडी-केळ्यांचा नाश्ता मात्र नेमाने मिळत होता.

परीक्षा उर्दूतून घ्या, अशी मागणी अधूनमधून होते. तिला माझा विरोध आहे. फिर्याद, पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी हे सगळे मराठीतून लिहायचे असते. ज्या शिपायाला पंचनामा लिहिता येत नाही तो आयुष्यभर पहाऱ्यावर उभा राहील, आणि ती मेहेरबानी आमच्या मुलांना नको.

दप्तरी

ताई, तुमची पायरी लेखीची. मी त्याही आधीची एक सांगतो, कारण माझे निम्मे आयुष्य लोकांचे दाखले काढून देण्यात गेले आहे.

महाराष्ट्रात मुसलमानांना नोकरीत आरक्षण नाही, हे अर्धसत्य आहे. धर्म म्हणून नाही, हे खरे. पण तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती इतर मागासवर्गात आहेत, छप्परबंद विमुक्त जातींत आहेत आणि जळगाव भागातील तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत आहेत. बौद्ध उमेदवारांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून ते अल्पसंख्याक असूनही भरतीत त्यांचे चित्र वेगळे दिसते. म्हणजे दार आहे. मात्र त्या दारातून जायला जो कागद लागतो, तो मुस्लिम इतर मागासवर्गीयाच्या घरात सहसा सापडत नाही.

इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. हिंदू कुटुंबाच्या आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जात लिहिलेली असते. मुस्लिम आजोबांच्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘मुसलमान’ एवढेच लिहून गुरुजी मोकळे झालेले असतात. मग गाव नमुना चौदा (गावची जन्ममृत्यूची नोंदवही), खरेदीखत, जुनी मतदार यादी, बाजारातल्या दुकानाचा परवाना असे काय काय धुंडाळत बसावे लागते, आणि तोवर अर्जाची मुदत टळून गेलेली असते. दाखला मिळालाच तर पुढे नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी आहेतच. परिणामी इतर मागासवर्गात बसणारा मुलगा खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतो, तिथे वयाची अट २८ वर्षांची असते (मागासवर्गाला ३३), आणि थोड्या गुणांनी राहून जातो.

सरळसोट यांना आरक्षण वाढवायला नको आहे, तसे मलाही नको आहे. जे आहे ते ज्याच्यासाठी आहे त्याला मिळावे, यासाठी तहसीलमध्ये भरतीआधी महिनाभर शिबिर लावले तरी पुष्कळ काम होईल.

मधला बाक

कायद्याची एक बाजू नोंदवून ठेवतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(२) नुसार केवळ धर्माच्या आधारावर सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि १६(४) खाली आरक्षण द्यायचे तर मागासलेपण सिद्ध करावे लागते. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतील ठरावीक जातगटांना ५ टक्के आरक्षण दिले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुस्लिमांच्या बाबतीत शिक्षणातील आरक्षण तात्पुरते चालू ठेवून नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, आणि पुढे त्या अध्यादेशाची मुदत संपली. प्रशिक्षण, मार्गदर्शन, विद्यावेतन या गोष्टी मात्र निवडीच्या निकषांना स्पर्श करत नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना आरक्षणाशी करू नये.

तसेच सरळसोट यांनी रंगवलेले चित्र थोडे अपुरे आहे. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी) या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांतील तरुणांना प्रशिक्षण देत आल्या आहेत. अल्पसंख्याकांसाठी अशीच ‘मार्टी’ ही संस्था स्थापण्यास मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. आपल्या राज्यात प्रत्येक समाजासाठी वेगळी संस्था काढण्याची रीतच पडून गेली आहे. ती रीत मलाही फारशी रुचत नाही, पण टीका करायची तर ती सगळ्या संस्थांवर व्हावी.

बंदोबस्त

मी दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. जे पाहिले ते लिहितो.

वरच्या जागांवर अल्पसंख्याक कधीच नव्हते असे नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त भरुचा हे पारशी होते, १९८२ ते ८५ या काळात ज्युलिओ रिबेरो आयुक्त होते, आणि २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी हसन गफूर आयुक्त होते. परंतु हे अधिकारी केंद्रीय सेवेतून येतात आणि बदलून जातात. सामान्य माणसाची गाठ पडते ती पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराशी आणि बीटवरच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या वस्तीत फिरणाऱ्या, शिपायाशी. शिपायाची भरती जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या पातळीवर होते आणि त्याची बहुतेक नोकरी त्याच हद्दीत जाते. खोपडे साहेबांच्या मोहल्ला समित्यांबद्दल मला आदरच आहे, पण साहेबांची बदली झाल्यावर पुढचा साहेब ती समिती चालवेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर असते. बीटवरचा शिपाई तिथेच राहतो. वस्तीत कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा मुलगा वाईट संगतीला लागला आहे, कोणत्या दोन घरांत भिंतीवरून वाद आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि रात्री दीड वाजता त्याने फोन केला तर समोरचा उचलतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय नव्या मुलांना बोलावणे बरोबर नाही. माझ्यासोबत काही मुस्लिम शिपाई होते. मिरवणुकीच्या बंदोबस्तात त्यांना दोन्हीकडून ऐकावे लागे. वस्तीतले म्हणत, तू आमच्यावर काठी कशी उगारतोस. आणि चहाच्या टपरीवर आमच्यातलाच एखादा, हा आज कोणाच्या बाजूने आहे, असे थट्टेत विचारून जाई. थट्टा म्हणून सोडून देण्यासारखी ती नव्हती. शिस्तीचे प्रश्नही येतात. राज्य राखीव पोलीस दलातील एका जवानाचे दाढीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ मध्ये न्यायालयाने ठरावीक धार्मिक काळापुरती दाढी ठेवून पुन्हा रुजू होण्याचा मार्ग सुचवला, तो त्याच्या बाजूने स्वीकारला गेला नाही. शीख जवानाला पगडी आणि दाढी दोन्ही चालतात, मग आम्हाला का नाही, असे मुले विचारतात. माझ्यापाशी त्याला एकच उत्तर असे की नियम आधी वाचा, पटत असतील तर अर्ज करा, आणि अर्ज केला तर नंतर कुरकुर नको.

एका गोष्टीला मात्र माझा सक्त विरोध आहे. मुस्लिम शिपाई घेऊन तो फक्त मुस्लिम वस्तीत नेमणे, किंवा गुप्तवार्ता शाखेत भाषांतरापुरता वापरणे. भरती करायची असेल तर त्याला सगळीकडे नेमा, वाहतुकीला नेमा, गणपतीच्या बंदोबस्तालाही नेमा.

बेलफास्टकर

कामानिमित्त बरीच वर्षे उत्तर आयर्लंडमध्ये राहतो. या वादाचे सर्वांत टोकाचे उदाहरण बहुधा इथलेच असेल, म्हणून नोंदवतो.

इथल्या जुन्या पोलीस दलात, म्हणजे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीत, कॅथलिकांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होते आणि लोकसंख्येत ते चाळीस टक्क्यांहून अधिक होते. १९९८ च्या शांतता करारानंतर नेमलेल्या ख्रिस पॅटन आयोगाने १९९९ मध्ये शिफारस केली की पात्र ठरलेल्या उमेदवारांच्या यादीतून निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर असे भरती करावेत. २००१ मध्ये नव्या नावाने, नव्या बोधचिन्हाने पोलीस दल सुरू झाले आणि ही पद्धत २०११ पर्यंत चालली. त्या दशकात कॅथलिकांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या जवळ पोहोचले. आमच्यासारखे हिंदू भारतीय त्या हिशेबात ‘कॅथलिकेतर’ ठरत, म्हणजे इथल्या अगदी छोट्या अल्पसंख्याकांची गणना बहुसंख्य प्रॉटेस्टंटांबरोबर होत असे. अल्पसंख्याक कोण, हे ठरवताना कागदावर असे होतेच.

याची किंमतही मोजावी लागली. पात्र असूनही केवळ कॅथलिक नसल्यामुळे नाकारल्या गेलेल्या एका उमेदवाराने न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली, पण कडवटपणा राहिला. युरोपीय समानता निर्देशातून या पद्धतीसाठी खास अपवाद मिळवावा लागला होता. दुसरीकडे, दलात गेलेल्या कॅथलिकांना त्यांच्याच समाजातील सशस्त्र गटांनी लक्ष्य केले. एप्रिल २०११ मध्ये ओमा गावात एका तरुण कॅथलिक शिपायाचा गाडीखाली लावलेल्या बॉम्बने जीव घेतला.

तरीही मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. आकडे केवळ निम्म्या-निम्म्या नियमाने हलले नाहीत. कॅथलिक समाजात रुजलेल्या गेलिक (पारंपरिक आयरिश) खेळांच्या संघटनेने पोलिसांना सदस्यत्व नाकारणारा आपला जुना नियम २००१ मध्ये रद्द केला, आणि मुख्यतः कॅथलिकांचा पाठिंबा असलेल्या शिन फेन पक्षाने २००७ मध्ये पोलीस दलाला मान्यता दिली. समाजाच्या आतून ‘जा, तुम्ही गद्दार ठरणार नाही’ असा निरोप मिळाल्याशिवाय मुले पुढे येत नाहीत. महाराष्ट्रात निम्म्या-निम्म्याचा नियम घटनेतही बसत नाही आणि इथल्यासारखे राज्यसंस्थाच नाकारणारे भांडणही तिथे नाही, त्यामुळे नियम आणू नका. आतून येणारा निरोप मात्र तिथेही लागेल.

कामवारीकाठची

बेलफास्टकर यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देते. आमच्याकडे मुलगा अर्ज करायला निघाला की आईला भीती वाटते ती दंगलीची, आणि बापाला लाजेची, कारण वस्तीत पोलीस म्हटले की हप्ता आणि शिवी हेच आठवते. मुलींच्या बाबतीत मैदानावरचा पोशाख हा पहिला प्रश्न असतो. एका विद्यार्थिनीच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितले की महिलांची चाचणी वेगळी होते, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून धावता येते. वडील काहीच बोलले नाहीत, पण आजीने विचारले की पगार किती. मी आकडा सांगितल्यावर आजीनेच परवानगी दिली. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि आमच्या भागात याची माहिती फार थोड्या घरांना आहे.

सरळसोट

दप्तरी यांचा दाखल्यांचा मुद्दा मला नवा होता आणि तो पटला. त्यात धर्माच्या आधारावर कोणाला काही वाढवून द्यायचे नाही, असलेला हक्क पोहोचवायचा आहे. ताईंचा मराठीचा मुद्दाही पटला. पहिला आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. ज्या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची मुले आहेत तिथे त्यांच्यासाठीही असाच वर्ग असावा, आणि दोन्ही वर्ग एकाच मैदानावर, एकाच वेळी भरावेत. धर्मवार वेगळ्या वर्गात धावून तयार झालेली मुले पुढे एकाच तुकडीत जाणार असतील, तर त्यांची पहिली ओळख प्रशिक्षण केंद्रात होण्यापेक्षा आधीच झालेली बरी.

आणखी एक. एवढा पैसा खर्च होतो, तर त्यातून किती जण लागले, हे कोणी सांगत का नाही?

गिरणाकाठ (धागालेखक)

एकाच मैदानाची सूचना मला मनापासून मान्य आहे. विद्यावेतन वेगवेगळ्या खात्यांतून आले तरी चालेल, पण शिट्टी एकच असावी. मराठीचा तास तेवढा उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी वेगळा ठेवावा लागेल.

सरळसोट यांचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पूर्वी पोलीस दलातील मुस्लिमांची राज्यवार संख्या छापत असे. २०१३ नंतर ती प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे आपण सगळेच जुन्या आकड्यांवर वाद घालतो. परंतु प्रशिक्षणाचा लेखाजोखा काढायला तो आकडा लागतही नाही. वर्गाला कोण बसले याची नावानिशी यादी विभागाकडे असते, कारण त्याशिवाय विद्यावेतन काढता येत नाही. मैदानी चाचणीचे गुण, लेखीचे गुण आणि अंतिम निवड यादी प्रत्येक पोलीस घटकाच्या (जिल्हा किंवा आयुक्तालय) संकेतस्थळावर लागते. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की वर्गातले किती जण अर्जापर्यंत गेले, किती मैदानात राहिले, किती लेखीत राहिले आणि किती लागले, हे जिल्हावार समोर येते.

माहिती अधिकाराचा अर्ज मी नाशिक जिल्ह्यापुरता तयार करतो आहे. त्यात उमेदवारांची नावे मागत नाही, कारण खासगी माहितीचे कारण दाखवून अर्ज फेटाळायला तेवढे निमित्त पुरते. मागतो आहे ते एवढेच : गेल्या दोन भरतींच्या आधी झालेल्या प्रशिक्षणात नोंदलेल्या उमेदवारांची संख्या, त्यांतील पूर्ण हजेरी असलेल्यांची संख्या, मराठी विषयाच्या तासिकांची संख्या, प्रशिक्षण संस्थेला दिलेली रक्कम, आणि प्रशिक्षणार्थींपैकी निवड झालेल्यांची संख्या. ताई ठाणे जिल्ह्यासाठी आणि दप्तरी त्यांच्या जिल्ह्यासाठी असाच अर्ज करणार असतील, तर मसुदा इथेच चिकटवतो. रकाने सारखे राहिले तर उत्तरांची तुलना करता येईल.